इच्छापत्रातला एक वाटा

मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडू लागली की महाविद्यालयांच्या आवारांत जुनी माणसे दिसू लागतात. मेळावे भरतात, पिकल्या केसांचे वर्गमित्र एकमेकांना अरे-तुरे करतात, आणि निघताना कुणीतरी पावतीपुस्तक पुढे करते. आपणही यथाशक्ती देतो आणि ऋण फिटल्याच्या समाधानात घरी परततो.

याच दिवसांत २ जानेवारी येते. १८८५ साली या तारखेला पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. आगरकर, गोखले यांच्यासारख्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवण्याचे व्रत घेतले आणि ऐन तारुण्यात पुढच्या दोन दशकांची मिळकत जणू आधीच संस्थेच्या नावे लिहून दिली. रँग्लर परांजपे तर याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. १८९९मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेला हा तरुण परतला तो आपल्याच महाविद्यालयाचा प्राचार्य व्हायला.

तेवढा त्याग आज कुणी कुणाकडे मागू नये. आयआयटी मुंबईत प्रवेश घेतल्याला पन्नास वर्षे झाली म्हणून नंदन निलेकणी यांनी २०२३मध्ये संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. आकडा वाचून आपण थक्क होतो आणि, खरे सांगायचे तर, थोडे सुटल्यासारखेही वाटते: हे काम मोठ्यांचे. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्याने हात आखडता घेतला तर त्यात गैर काही नाही. उद्याच्या आजारपणाची धास्ती खोटी नसते. पण ज्याला हयातीत देववत नाही, त्याला मागे ठेवून जाता येते. इच्छापत्राचा मार्ग खरे तर अशा मध्यमवर्गीयांचाच.

इच्छापत्राचे नाव काढले की घरात मात्र 'अभद्र बोलू नका' असे होते. विम्याचा हप्ता बिनदिक्कत भरणारे आपण, तो कागद तेवढा पुढे ढकलत राहतो. वास्तविक त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, आणि मन बदलले तर तो बदलताही येतो. त्यात संस्थेचे नोंदणीकृत नाव अचूक लिहावे, आणि ठरावीक रकमेऐवजी हिस्सा लिहावा: शिलकीचा विसावा म्हणा, दहावा म्हणा. एकेकाळी भरघोस वाटलेल्या देणग्यांच्या व्याजात आज पारितोषिकाचे पुस्तकही येत नाही, हे कुठल्याही जुन्या महाविद्यालयाच्या कार्यालयात कळेल. वाटा पैशात मोजला तर झिजतो, प्रमाणात मोजला तर आपल्या मिळकतीबरोबर वाढतो.

संस्थांकडेही कर्तव्याचा अर्धा भार आहे. असे पैसे कायम निधीत ठेवून त्यांचा हिशेब दरवर्षी मांडला, तरच कुणाला विश्वासाने लिहावेसे वाटेल. कमानीवर नाव कोरण्याची लगबग त्या मानाने दुय्यम. आणि आपण मुलांना हे आधीच सांगावे. बापाच्या मागे कागद उघडल्यावर कळलेला वाटा मुलांना खुपतो, तोच जेवताना बोलून ठरला तर क्वचितच कुणी हरकत घेते. कधी तर थोरली लेकच म्हणते, बाबा, विसावा कशाला, दहावा लिहा.