०.८३ चा आकडा आणि रब्बी ज्वारी

पिकांवरील अजैविक ताणाविषयी हल्ली जे लेख आणि प्रबंध वाचायला येतात, त्यांत एक निष्कर्ष जवळजवळ ठरून गेलेला असतो. अमुक वाणाचे एफव्ही/एफएम गुणोत्तर पाणी तोडल्यावर कमी घसरले, म्हणून तो वाण अवर्षणसहनशील. हरितद्रव्याची प्रतिदीप्ती मोजणारे यंत्र हातात मावते, पान तोडावे लागत नाही, एका सकाळी बऱ्याच झाडांची मोजणी उरकते आणि आकडा दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत नीटनेटका मिळतो. या सोयीपायी आपण यंत्राला त्याच्या कुवतीबाहेरचे प्रश्न विचारू लागलो आहोत. उष्णतेचा ताण पाहायचा असेल तर हे यंत्र उत्तम आहे, आणि क्षारांच्या बाबतीत जपून वापरले तर उपयोगी आहे. महाराष्ट्रातील रब्बी ज्वारीची अवर्षणसहनशीलता मात्र एकट्या एफव्ही/एफएमवरून ठरवणे आम्हाला मान्य नाही.

पानाने शोषलेल्या प्रकाशाला तीन वाटा असतात. काही प्रकाश प्रकाशसंश्लेषणात खर्ची पडतो, काही उष्णतेच्या रूपाने निघून जातो आणि एखाद-दोन टक्के लाल प्रकाश होऊन परत बाहेर पडतो. एका वाटेला अडथळा आला की उरलेल्या दोन वाटांवर भार वाढतो, आणि मोजणीचे सगळे शास्त्र या हिशेबावर उभे आहे. काउत्स्की आणि हिर्श यांनी १९३१ मध्ये दाखवले की अंधारातील पान उजेडात आणले की ही लाल झाक झपाट्याने वाढते आणि मग काही मिनिटांत हळूहळू ओसरते. १९८० च्या दशकात स्पंदित प्रकाशावर चालणारी यंत्रे आली आणि ही मोजणी भर उन्हातही करता येऊ लागली. पान क्लिपमध्ये वीस-तीस मिनिटे अंधारात ठेवायचे, मग प्रखर प्रकाशाचा एक झोत टाकायचा, की प्रकाशसंश्लेषणातील फोटोसिस्टिम-२ ची कमाल कार्यक्षमता, म्हणजेच एफव्ही/एफएम, हाती येते. ब्यॉर्कमन आणि डेमिग यांनी १९८७ मध्ये अनेक वनस्पतींची पाने तपासून निरोगी पानासाठी ०.८३ च्या आसपासचा आकडा दिला. तेव्हापासून तो अभ्यासक्रमांत ठाण मांडून बसला आहे.

हा आकडा ज्वारीला जसाच्या तसा लावता येत नाही. गुणोत्तर काढताना धरलेल्या, झोत टाकण्याआधीच्या किमान प्रतिदीप्तीत फोटोसिस्टिम-१ चाही वाटा मिसळलेला असतो आणि ज्वारी, मका, ऊस यांसारख्या सी-४ पिकांत तो जास्त असतो. त्यामुळे भरपूर ओलीतल्या, ठणठणीत ज्वारीचे गुणोत्तरही ०.८३ च्या खालीच राहते. ०.७८ दिसले की ‘सौम्य ताण’ असा शेरा मारणारे तक्ते आपल्याकडे सर्रास छापले जातात. आकडा तपासायचा तो त्याच वाणाच्या, त्याच वयाच्या, पाणी मिळालेल्या झाडाशी.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. जमीन सुकू लागली की झाड आधी पर्णरंध्रे मिटते. कर्बवायू आत येणे कमी होते, वाढ मंदावते, दाण्याकडे जाणारा अन्नरस आटतो. फोटोसिस्टिम-२ मात्र जादा ऊर्जा उष्णतेच्या वाटेने सोडून देत शाबूत राहते. पानातील पाणी फारच उतरल्यावर ती कोसळते, आणि तोवर उत्पादनाचे व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते. ताप मोजून हाड मोडले आहे की नाही ते कळत नाही, तसाच हा प्रकार. भर दुपारी गुणोत्तर थोडे उतरून संध्याकाळपर्यंत सावरत असेल, तर तेही दुबळेपणाचे लक्षण मानायचे कारण नाही. ते बहुधा संरक्षण असते. दुपारी दोनची एकच नोंद घेऊन वाणांची क्रमवारी लावली, तर स्वतःला जपणाराच वाण तळाला जाण्याची शक्यता असते.

मोहोळला १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण आजही टिकून आहे. दादर-लालबागच्या वाण्याकडेही ‘मालदांडी’ म्हटले की चार पैसे जास्त मोजणारे गिऱ्हाईक असते. खोडमाशीपुढे तग धरण्याची ताकद, दाण्याची चव आणि कडबा या गुणांवर तो टिकला, आणि पावसाळा संपल्यावर केवळ साठलेल्या ओलीवर दाणा भरतो म्हणूनही. त्यानंतरच्या वाणांची राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस पाहा. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा. म्हणजे पैदासकारांनी अवर्षणाचा प्रश्न जमिनीच्या खोलीशी बांधला. मुळे किती खोल जातात, फुलोऱ्यापर्यंत किती ओल शिल्लक राहते, दाणा भरण्याचे दिवस आणि ओल संपण्याचे दिवस यांचा मेळ कसा बसतो, यावर सहनशीलता ठरते. यातले काहीही प्रयोगासाठी भरलेल्या दहा इंची कुंडीत दिसत नाही. कुंडीतली ओल आठवड्यात संपते. सोलापूरच्या काळ्या जमिनीत तीच प्रक्रिया दोन-अडीच महिने चालते. त्यातून अशा कुंड्या ठेवतात त्या मुंबईतल्या परळ-माटुंग्याच्या गच्चीवरची हवा दमट, सोलापूरची कोरडी. हवेची पाणी ओढण्याची ताकदच वेगळी असल्यामुळे मुंबईतल्या कुंडीत मिळालेली क्रमवारी मोहोळच्या शेतात टिकेल असे मानायला आधार नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. शेतातल्या चाचणीला पूर्ण हंगाम, जमीन आणि मजूर लागतात, मग शेकडो वाणांतून पहिली चाळणी करायची कशाने? प्रश्न रास्त आहे. पण चाळणीची भोके चुकीच्या मापाची असतील तर तिचा वेग काय कामाचा? पहिल्या चाळणीला पानाचे तापमान जास्त उपयोगी पडते, कारण पर्णरंध्रे मिटली की पान लगेच तापते आणि ते कॅमेऱ्यात दिसते. दुसरा आक्षेप असा की एफव्ही/एफएम बोथट असले तरी उजेड पडताच प्रतिदीप्ती कशी चढते ते दाखवणाऱ्या ओजेआयपी आलेखावरून काढलेला कार्यक्षमता निर्देशांक तीक्ष्ण असतो. तीक्ष्ण तो आहेच. तीन घटकांचा गुणाकार करून तो बनतो, त्यामुळे बारीकसा फरकही फुगून दिसतो. पण पानाचे वय, नत्राची कमतरता, सावली यांनीही तो तितकाच हलतो. तो हलला एवढ्यावरून अवर्षण सिद्ध होत नाही. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. दाणा भरताना हिरवी राहणारी ज्वारी खडखड्या रोगाला आणि शेवटच्या टप्प्यातील अवर्षणाला चांगले तोंड देते, आणि पान किती काळ कामाचे राहते हे प्रतिदीप्ती दाखवू शकते. हे आम्ही मान्य करतो. अट एवढीच की मोजणी फुलोऱ्यापासून पक्वतेपर्यंत त्याच पानावर व्हावी आणि शेजारी कणसाचे वजन असावे. कणसात दाणेच कमी धरले तरी पान हिरवे राहते, आणि त्या हिरवेपणाचा शेतकऱ्याला काही उपयोग नाही.

उष्णतेच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. पान हळूहळू तापवत नेले की एका तापमानाला किमान प्रतिदीप्ती एकदम चढते. तो टप्पा फोटोसिस्टिम-२ बिघडू लागल्याची थेट खूण असतो. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२२ चा मार्च देशात सर्वांत उष्ण ठरला. अशा मार्चमध्ये सापडणाऱ्या गव्हाच्या वाणांची तुलना करायला याहून चांगली झटपट चाचणी क्वचितच सापडेल. खार जमिनीतल्या भाताचे गणित अवर्षण आणि उष्णता या दोन्हींच्या मधले आहे. पनवेल-१, पनवेल-२ यांसारखे क्षारसहनशील वाण पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रातून आले. भातात क्षाराचा पहिला परिणाम पाणी शोषण्यावर होतो, आणि तो प्रतिदीप्तीत फारसा दिसत नाही. सोडियम साठत जाते ते जुन्या पानांत, आणि तिथेच आकडा आधी घसरतो. कोवळे पान निवडणाऱ्याला सगळेच वाण सहनशील वाटतील. कोणते पान क्लिपमध्ये धरले, हे न लिहिता छापलेला तक्ता म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

तेव्हा या विषयावरचे लेख पाठवताना पानाचा क्रम आणि वय, अंधारात ठेवल्याची मिनिटे, मोजणीची वेळ, पानातील सापेक्ष जलांश आणि पुन्हा पाणी दिल्यानंतरची नोंद द्यावी. पहाटे, सूर्य उगवण्याआधीची एक मोजणी सोबत असावी. ज्वारीत मध्यशिरा टाळून पानाचा मधला भाग घ्यावा. आणि ‘अवर्षणसहनशील’ हा शब्द शीर्षकात हवा असेल, तर किमान एका रब्बी हंगामाचे शेतातले उत्पादन जोडलेले असावे. ते नसलेला लेख आम्ही ‘पानाच्या प्रतिक्रियेची नोंद’ म्हणून छापू. रब्बीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होते. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी जमीन असलेल्या संशोधन केंद्राशी आताच बोलून ठेवावे.