शंभर येनचं पुस्तक

विदर्भाचा फोटो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मीच सांगतो. भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे बघणारा म्हातारा. पुण्यातल्या एका प्रदर्शनात हाच फोटो भिंतभर लावला होता. खाली टेबलावर गुळगुळीत कागदाचं पुस्तक, किंमत साडेतीन हजार. मी तो फोटो रिसोडला काकांना व्हॉट्सॲपवर पाठवला. उत्तर आलं, "हे आपल्या इकडलं वावर नाई दिसत बा."

खरंच आहे. आमच्या वाशिम जिल्ह्यात सोयाबीनला कितीदा तरी ऑक्टोबरचा पाऊसच बुडवतो. शेंगेतच कोंब फुटतात, गंजीला बुरशी येते. पण हे नुकसान ओलं असतं, हिरवं असतं. भिंतीवर शोभत नाही.

जपानच्या केन डोमोनने १९५९च्या अखेरीस क्युशूमधल्या चिकुहो कोळसापट्ट्यात फोटो काढले. खाणी बंद पडत होत्या, बापांच्या हाताला काम नव्हतं. एका फोटोत वर्गातली मुलं डबा खातायत आणि डबा न आणलेली मुलं चित्रांच्या पुस्तकात डोकं घालून बसलीयत. पण त्याच पुस्तकात पोरं खेळतात, दंगाही करतात. १९६०मध्ये 'चिकुहोची मुलं' आलं ते मुद्दाम रद्दीसारख्या खरबरीत कागदावर, शंभर येनला. लाखभर प्रती खपल्या. फोटोग्राफरने आपल्या फोटोंची छपाई स्वतःहून खराब होऊ दिली, हे आपल्याकडच्या किती जणांना झेपेल?

"आता इन्स्टा आहे की, फुकट!" असं म्हणाल. फीड कशी लागते ते मला विचारा, असला कोड लिहूनच माझं पोट चालतं. तुमच्या उपाशी पोराच्या खाली बुटांची जाहिरात येते. पुस्तकात कुठल्या फोटोनंतर कुठला, हे माणूस ठरवतो.

आणि हे जपान्यांनाच जमतं असंही नाही. मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांसोबत वर्षानुवर्षं फिरले, मग पुस्तक केलं. एका रविवारी गाडी करून येणाऱ्यांना भेगाच सापडणार.

दिवाळी अंकाच्या साध्या कागदावर, कृष्णधवल, चौसष्ट पानं छापा. वाशिमच्या बसस्टँडवर ठेवता येईल एवढी किंमत लावा. ते नसेल जमत तर निदान एवढं सांगा: भिंतीवरच्या त्या म्हाताऱ्याला साडेतीन हजारांच्या पुस्तकाची एक प्रत नेऊन दिलीत का?