वॅटचा गवगवा आणि लॅब्रॅडॉरचे केस

वाड्याच्या चौकात नाहीतर मळ्यातल्या वस्तीवर राखणीला असलेलं कुत्रं वर्षाला किती केस गाळतं, याची चौकशी आपल्याकडे कुणी केली नव्हती. केस वाऱ्यावर जात, पावसात वाहून जात. आता साताऱ्यात शाहूपुरीतल्या, सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये लॅब्रॅडॉर सोफ्यावर झोपतो, जर्मन शेफर्ड देवघराच्या दारात पसरतो, आणि भाजीच्या रश्श्यात एक पिवळसर केस तरंगताना दिसला की घरात व्हॅक्युम क्लीनरचा विषय निघतो. त्याबरोबर सल्लेही येतात. त्यातले बहुतेक सल्ले खोटे नसतात, पण ते आपल्या घरांसाठी नसतात.

पहिला पूर्वपक्ष घरातल्या वडीलधाऱ्यांचा. केरसुणी काय वाईट आहे? मावशी रोज येतातच की. यावर उत्तर असं की केराला वजन असतं, केसाला नसतं. पंखा चालू असेल तर झाडूच्या पुढे केसांचा झुपका पळतो आणि दिवाणाखाली जाऊन बसतो. पंखा बंद करून गोळा केले, तरी उरलेले पोछ्याला चिकटतात आणि ओल्या दोऱ्यांसारखे कोपऱ्यात सुटतात. शिवाय ज्याला कुत्र्याची अॅलर्जी आहे त्याला त्रास देणारी प्रथिनं मुख्यतः लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात. केस हे त्यांचं वाहन. झाडूने ती खाली बसण्याऐवजी हवेत उठतात. आणि मावशींचं म्हणाल, तर त्यांचा पगार ठरला तेव्हा घरात कुत्रं नव्हतं, हे एकदा मालकांनी आठवून पाहावं.

दुसरा पूर्वपक्ष दुकानातला आणि जास्त खोलवर रुजलेला: जितके वॅट जास्त, तितकी ओढ जास्त. खोक्यावर २००० चा आकडा ठळक छापलेला असतो आणि गिऱ्हाईक भारावतं. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातं. ते काम किती करतं, हे त्यावरून कळत नाही. युरोपीय संघाने २०१४ मध्ये घरगुती व्हॅक्युम क्लीनरला १६०० वॅटची मर्यादा घातली आणि २०१७ मध्ये ती ९०० वर आणली. तिथले गालिचे त्यामुळे घाण राहिले नाहीत. कारखान्यांनी पंखा, नळी आणि तोंड यांची रचना सुधारली. आपण मात्र महावितरणचं बिल भरून आकड्याचा मान राखतो.

याहून मजेशीर गोष्ट त्याच युरोपात घडली. यंत्रांवर ऊर्जेचं लेबल लावायचं ठरलं, पण चाचणी घ्यायची ती रिकाम्या पिशवीवर. डायसन कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने ते नियम रद्द केले, कारण प्रत्यक्ष वापरात पिशवी रिकामी नसते. कुत्रं असलेल्या घराला याइतका कामाचा निकाल दुसरा नाही. केस वजनाने हलका पण जागा फार खाणारा. यंत्राचं पोट भरत आलं, गाळणीवर कोंड्याचा थर बसला, की हवा येईनाशी होते, आणि हवा आली नाही तर केसही येत नाही. गंमत अशी की अशा वेळी मोटारीचा आवाज चढतो. माणसाला वाटतं, जोरात ओढतंय. खरं तर ओढायला हवाच उरलेली नसल्यामुळे मोटार हलकी होऊन भरधाव फिरत असते, आणि ज्या हवेने ती थंड राहायची तीच अडल्यामुळे तापतही असते. जळकट वास येऊन बंद पडलेल्या किती तरी यंत्रांची कहाणी एवढीच.

तिसरा पूर्वपक्ष जाहिरातींचा: पाळीव प्राण्यांच्या घराला फिरत्या ब्रशचा रोलर हवाच. हा रोलर गालिच्यासाठी आहे. व्हॅक्युम क्लीनरचा जन्मच गालिच्याच्या घरात झाला. १९०१ मध्ये लंडनमध्ये ह्यूबर्ट बूथने पहिलं मोठं यंत्र केलं ते घोडागाडीवर होतं. गाडी रस्त्यात उभी करून लांब नळ्या खिडकीतून आत सोडायच्या आणि श्रीमंतांचे गालिचे साफ करायचे. आपल्या घरात गालिचा कुठे आहे? जुन्या घरात शहाबादी फरशी, नव्यात व्हिट्रीफाइड टाइल. गुळगुळीत फरशीवर ताठ केसांचा रोलर जेवढे केस उचलतो त्यातले काही मागे उडवतो, उरलेले स्वतःभोवती गुंडाळून घेतो. मग रविवारी दुपारी रोलर मांडीवर घेऊन शिवणाच्या कात्रीने ती घट्ट वळलेली दोरी उभी कापत बसायचं, टोकाच्या बेअरिंगमध्ये गेलेले केस चिमट्याने ओढायचे. फरशीला सपाट, साधं, खाली मऊ केसांची कड असलेलं तोंड पुरतं. फिरता ब्रश हवा तो वीतभर रुंदीचा, सोफ्याच्या कापडासाठी आणि गादीसाठी. तिथे लॅबचे आखूड केस टाचणीसारखे रुतून बसतात आणि नुसत्या ओढीला दाद देत नाहीत.

रोबोबद्दल थोडक्यात. सपाट फ्लॅटमध्ये रोज वरवरचे केस उचलायला तो चांगला आहे, नाही म्हणणार नाही. पण साताऱ्याच्या जुन्या घरातला उंबरा त्याला ओलांडता येत नाही, त्याची डबी चिमुकली असते, आणि पिल्लाने रात्री हॉलमध्ये घाण केली असेल तर तो ती इमानेइतबारे सगळ्या घराला सारवतो.

एक पूर्वपक्ष यंत्र नाकारणाऱ्यांचा आहे: कुत्र्याचे केसच काढून टाका. जर्मन शेफर्ड, गोल्डन, स्पिट्झ यांना दुहेरी कोट असतो. आतली मऊ लव ऊन आणि थंडी दोन्ही अडवते. चकोट केल्याने गळणं थांबत नाही, गळणारे केस आखूड होतात एवढंच. याचाच भाऊ म्हणजे 'आपलं कारवानी पाळा' हा सल्ला. जतकडे ही कुत्री पुष्कळ, आणि घोरपड्यांच्या मुधोळची ही जात २००५ मध्ये टपाल तिकिटावरही आली. केस आखूड, गळतात कमी, पण गळतात. आणि सशामागे माळ पालथा घालणारं जनावर फरशी स्वच्छ राहावी म्हणून तिसऱ्या मजल्यावर कोंडायचं, हा न्याय मला पटत नाही. जागोजाग टक्कल पडत असेल, खाज असेल, तर प्रश्न सफाईचा उरतच नाही. कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं. सातारा जिल्ह्यात तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे.

आता माझा पक्ष. यंत्राच्या आधी कुत्रं विंचरावं, गच्चीत किंवा अंगणात, आतल्या लवेपर्यंत जाणाऱ्या दाताळ्या फणीने. फणीत आलेला केस फरशीवर पडत नाही. त्यानंतर घ्यायचं ते पिशवीचं, वायरचं, चाकावर मागे येणारं साधं यंत्र. पारदर्शक डबीची यंत्रं दिसायला छान. पण डबी उघडून कचऱ्यात झटकताना कोंड्याचा ढग तोंडावर येतो आणि अॅलर्जीवाल्याचे पैसे तिथेच वाया जातात. कागदी पिशवी तोंड बंद करून फेकता येते. बाहेर सोडलेली हवा हेपा गाळणीतून गेली पाहिजे, आणि गाळणीच्या कडेने हवा निसटता कामा नये. फटीतून हवा सुटत असेल तर नुसत्या हेपा या शिक्क्याला अर्थ नाही. बिनवायरीची हलकी यंत्रं दुसरं म्हणून ठेवावीत. पूर्ण जोरावर त्यांची बॅटरी काही मिनिटांत मान टाकते, आणि लॅब असलेल्या घरात डबी हॉल संपायच्या आत भरते.

पावसाळ्यासाठी वेगळं बोललं पाहिजे, कारण साताऱ्यात तो नुसता येऊन जात नाही, मुक्कामाला असतो. भिजलेल्या कुत्र्याचे ओले केस आणि चिखलाची पावलं कोरड्या यंत्राने कधीही ओढू नयेत. पिशवी लगदा होते, मोटार जाते. ओल्या-सुक्या दोन्हींचं पिंपासारखं यंत्र असेल तर गोष्ट निराळी. त्यातल्या बहुतेकांत मोटार थंड ठेवणारी हवा वेगळ्या वाटेने येते. बाग असलेल्या बंगल्याला मी तेच सुचवीन, आवाज आणि अडगळ सोसायची तयारी असेल तर.

माझ्या पक्षावर आक्षेप येणार हे उघड आहे: पिशव्यांचा खर्च, आणि त्या मिळणार कुठे? खर्च मान्य. धुऊन वापरायची कापडी पिशवी मिळते, पण ती झटकताना पुन्हा तोच ढग. मिळण्याचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि यंत्र त्यावरच ठरवावं. नळीला चीर गेली आणि ती पुण्याहून मागवावी लागली, तर महिनाभर केरसुणीच हातात येते.

म्हणून दुकानात जाताना कुत्रं विंचरून निघालेले केस पिशवीत भरून न्यावेत. पोवई नाका असो की सांगलीची गणपती पेठ, दुकानदाराला ते फरशीवर पसरू द्या म्हणावं, एक मूठ सोफ्याच्या कापडावर चोळावी, आणि यंत्र चालवून दाखवायला सांगावं. मग नळी, गाळणी आणि पिशव्यांचा जुडगा यांची किंमत विचारून त्या वस्तू कपाटातून काढून समोर ठेवायला लावाव्यात. तो 'मागवून देतो' म्हणाला, तर केस गोळा करून पुढचं दुकान गाठावं.