आजीचा ‘ल’ चुकलेला नाही

गेल्या महिन्यात आईनं नाशिकहून नातीला पत्र लिहिलं. वहीच्या कागदावर, हातानं. शेजारच्या मुलाकडून फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलं. इथे रुवैसमध्ये आमची लेक शाळेत हिंदी शिकते, मराठी फक्त घरात. पत्र बघून म्हणाली, “बाबा, आजीला ल लिहिता येत नाही का? श पण चुकलाय.” हसू आलं, पण मनाला लागलंही.

आईचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. लेकीच्या पुस्तकातला ल दांडीचा आणि श गाठीचा. टॅबवरच्या मराठी गोष्टींतही तिला तेच हिंदी वळण दिसतं. म्हणजे सगळे पुरावे आजीच्या विरुद्ध!

खरं तर छापील देवनागरीला देखणं रूप देण्यात मुंबईचा वाटा मोठा. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी घडवलेल्या तिथल्या टायपाचं नाव देशभर झालं. मुंबई वळणाचे अ, झ, ण तर पुढे हिंदीनंही प्रमाण मानले. ल आणि श मात्र आपापल्या घरी वेगळे राहिले.

संगणकात या दोन्ही ‘ल’ना युनिकोडचा क्रमांक एकच. कोणतं रूप दिसणार ते फॉन्टवर अवलंबून. काही चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे अशी नोंद केलेली असेल तरच मराठी रूप पुढे येतं. बहुतेक वेळा ती नोंद करायचीच राहून जाते. आपल्याकडे जाणकारांची वाण नाही. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांचाच. राज्य सरकारनंही नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायला सांगितलं आहे. पण सरकारी निर्णय परदेशातल्या टॅबपर्यंत कसा पोचणार?

कुणी म्हणेल, वाचता येतंय ना, मग झालं. मान्य. दांडीचा ल चूक नाहीच. पण ज्या मुलानं एकच रूप पाहिलं, त्याला दुसरं चूक वाटतं, आणि मग ते लिहिणारी आजीही अडाणी वाटते. माझी तक्रार एवढीच आहे.

म्हणून ॲप आणि ई-पेपर चालवणाऱ्यांना विनंती: फॉन्ट निवडताना मराठी रूपं आहेत का बघा आणि मजकुरावर मराठी भाषेची नोंद करा. आणि आपण, परदेशातल्या आईबापांनी, आठवड्यातून चार ओळी तरी मुलांसमोर हातानं लिहाव्यात.

लेकीनं आजीला उत्तर पाठवलंय. त्यातल्या ‘लाडू’चा ल पाकळ्यांचा आहे. जरा वाकडा आहे, पण आजीनं तो लगेच ओळखला.