शाळकरी मुलांचा डबा : धंदा करावा का?



गेल्या पंधरवड्यात दोघी जावांचं मिळून एक पत्र आलं. त्यांच्या गावापासून दोन किलोमीटरवर हायस्कूल आहे. वाड्यावस्त्यांवरची मुलं सकाळी नऊच्या एसटीनं निघतात, ती सहाला घरी येतात. काहीजण डबा नेतच नाहीत. काहींचा डबा साडेसातला भरलेला, दुपारी दोनला उघडायचा. बाकीची मुलं फाटकाबाहेर दहा रुपयांचं पाकीट फोडतात. या मुलांना दुपारी ताजा डबा पोचवायचा धंदा करावा का, असं दोघी विचारतात. सासूबाईंचं म्हणणं, भाकरी विकणं आपल्या घराला शोभत नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि म्हणावं, आपण दूध विकतो, अंडी विकतो, ज्वारी तर पोत्यानं विकतो. मग त्याच ज्वारीची भाकरी केली म्हणून काय बिघडलं?

गरज आहे, यात मला शंका नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचं जेवण मिळतं. ही देशभराची योजना १९९५ साली सुरू झाली. २०२१ पासून तिला पीएम पोषण म्हणतात. पण ती आठवीपर्यंतच. नववीत गेलं की ताट बंद, आणि नेमकी तेव्हाच भूक वाढते. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, पण दुपारचं जेवण नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींमागे ५९ जणींचं रक्त कमी निघालं. प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन बसणारी मुलगी प्रत्येक शाळेत असते. ती नाटक करत नाही हो, ती उपाशी असते.

आता डब्यात काय द्यायचं? सहावी ते आठवीच्या मुलांसाठी सरकारचं माप आहे ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. तुमची मुलं त्याहून मोठी, म्हणजे इतकं तर हवंच. १२० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकऱ्या, ४० ग्रॅम मटकीची उसळ, थोडी पालेभाजी आणि २० ग्रॅम शेंगदाण्यांचा गूळ घालून एक लाडू, एवढ्यात ते माप भरून वर उरतं. लिंबाची फोड विसरू नका; धान्य-कडधान्यातलं लोह अंगी लागायला तिची मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं, हे मुलींना सांगा. बाजरी चांगलीच, पण गार भाकरी कडक होते आणि मुलं ती टाकून देतात. त्यापेक्षा बाजरीचं पीठ घालून थालीपीठ किंवा धपाटे करा. पीठ मात्र आठवड्यापुरतंच दळा, बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं. ज्या घरी चालतं त्यांना आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं द्या. आईबापांना आधी विचारून, बरं का.

आता हिशेब. इथेच बहुतेकींची फसगत होते, कारण घरचं धान्य आपण फुकट धरतो. ते बाजारभावानंच धरा. मी आमच्याकडच्या भावानं मांडून पाहिलं : दळणासह पीठ ५ रुपये, मटकी साडेचार, तेल दीड, लाडू साडेतीन, भाजी-मसाला-लिंबू ४, गॅस अडीच. झाले २१. तुमच्याकडचे भाव वेगळे असतील, ते घालून पुन्हा मांडा. डबा ३५ रुपयांना दिला तर मागे १४ उरतात. २५ डबे झाले तर ३५० रुपये. डबे पोचवणाऱ्या पोराचे रोज ६० वजा केले की २९०. दोघींत वाटले तर १४५. चार-साडेचार तास चुलीपुढे उभं राहून एवढेच? मी तर याला नाही म्हणेन. ४० डबे झाले तर मात्र प्रत्येकीला २५० पडतात आणि दुपार मोकळी राहते. म्हणून ४० मुलं मिळण्यासारखी आहेत का, हे आधी वाड्यांवर फिरून विचारा. पहिले दोन महिने १५-२० वरच हात बसवा, आणि तोवर डबे स्वतः सायकलीवर न्या. शाळा वर्षातून साधारण २२० दिवसच भरते, हेही ध्यानात असू द्या. मे महिन्यात आणि दिवाळीत यातून दमडी येणार नाही.

उधारी ठेवू नका. आठवडी बाजाराच्या दिवशी लोकांच्या हातात पैसा असतो, तेव्हा पुढच्या आठवड्याचे आगाऊ घ्या. एक गोष्ट मात्र होणार, ती आत्ताच सांगते. काही घरं मुलाचा डबा लावतील आणि त्याच शाळेतल्या बहिणीला म्हणतील, तू घरून ने. दोन भावंडांचे मिळून ६५ रुपये घ्या. पाच रुपये सोसा, पण मुलीचा डबा लावून घ्या.

अन्न नासण्याची भीती सर्वांत मोठी. आमच्या महिला मंडळानं एकदा सहलीला उसळ करून नेली होती. मीच ती गरमगरम पातेल्यात झाकण दाबून भरली. उन्हात पाच तासांनी उघडली तर आंबूस वास! सगळी ओतून दिली आणि पोरांना केळ्यांवर राहावं लागलं. तेव्हापासून मी शिजल्यापासून खाईपर्यंत दोन तासांहून जास्त जाऊ देत नाही. दोनची सुट्टी असेल तर उसळ बाराच्या आत उतरवू नका. कालचा भात तर डब्यात कधीच नको. भात तसाच राहिला की त्यात विष तयार होतं, आणि पुन्हा गरम केलं तरी ते जात नाही.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे लहान व्यवसायालाही नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते, घरात कॉलेजला जाणारं कोणी असेल तर तेच करून देईल. मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्या. २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत तेल, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ विकता येत नाहीत. हे मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. पाकिटांची टपरी हलली तर तुमचे पाच-सहा डबे वाढतील.

डबे विकत घेऊन भांडवल अडकवू नका. प्रत्येक मुलाच्या घरून स्टीलचे दोन डबे मागा : एक शाळेत, एक तुमच्याकडे. भांड्याच्या दुकानात नाव घालून देतात, ते झाकणावर आणि डब्यावर दोन्हीकडे घालून आणायला सांगा. कागदाची चिठ्ठी पहिल्याच धुण्यात निघून जाते, आणि मग चाळीस झाकणं घेऊन रात्री जुळवत बसावं लागतं.