पाहुणचार कुणाचा, सातबारा कुणाचा?



"दर वर्षी मोर्चा आणि भाषणे असतातच, येत्या ८ मार्चला दोन दिवस कुठेतरी निवांत जाऊ," असे आमच्या नांदेडच्या गटाच्या बैठकीत निघाले, तेव्हा पहिला हात माझा वर गेला. बाईने विश्रांती मागणे ही चैन नव्हे, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. जागा पाहण्याचे कामही मीच अंगावर घेतले. जानेवारीत आम्ही दोघी लातूर रस्त्यावरच्या एका शेतावर शनिवार-रविवार राहून आलो. परतल्यावर बैठकीत मी सांगितले, की आज आहे तशा स्थितीत तिथे जायला माझा विरोध आहे. काही मैत्रिणी दुखावल्या. पण प्रश्न एकट्या आमच्या गटाचा नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

शेत छान होते. तूर काढलेल्या रानाकडेला सहा तंबू, एक पत्र्याची शेड, मागे संडास. आंब्याखाली हैदराबादहून आलेल्या एका कुटुंबाची कॅराव्हॅन उभी होती. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर: आत खाटा, ओटा, गॅस, पाण्याची टाकी. मालक बोलके आणि सज्जन. त्यांनी फाटकावर स्वागत केले, मोबाइलवर पैसे जमा झाल्याचे पाहिले, संध्याकाळी आगटी पेटवून हुरडा भाजला. मुले खूश, आम्हीही खूश.

पहाटे साडेचारला मला जाग आली ती भाकरी थापण्याच्या आवाजाने. शेडमागे चुलीपुढे मालकांची बायको बसली होती. रात्री साडेअकराला मी तिला भांडी घासताना पाहिले होते. पंचवीस माणसांच्या भाकरी, पिठले, ठेचा, अंघोळीचे पाणी, अंथरुणे, चादरी आणि संडास धुणे, सगळे तिच्याकडे. हाताखाली एक जाऊ आणि दहावीतली मुलगी. मी पाट ओढून बसले तर म्हणाली, "ताई, तुम्ही पैसे देऊन आलाव. कशाला धूर खाताव?"

बोलता बोलता मी विचारले, सातबारा कुणाच्या नावावर आहे?

"ह्यांच्या. मामंजी गेल्यावर नणंदांनी हक्कसोड लिहून दिलं."

"पर्यटन केंद्राची नोंदणी?"

"ती बी ह्यांचीच. कागद त्यांचेच लागतात ना."

"आणि तंबूंसाठी पैसा कुठून आणला?"

ती जरा थांबली. "बचत गटातून. ते कर्ज माझ्या नावावर हाय."

माझा विरोध या तीन उत्तरांतून आला. जमीन त्याची, नोंदणी त्याची, पैसे त्याच्या खात्यात. श्रम तिचे आणि कर्जही तिचे! चादरी बदलण्याला मजुरी नाही, कारण ती घरची. उत्पन्नात हिस्सा नाही, कारण तिचे नाव कागदावर नाही. बाहेरची बाई कामाला लावली असती तर तिला रोज द्यावा लागला असता.

यावर मला सांगण्यात आले, "अहो, पाहुणचार ही आपली संस्कृती आहे. वेळ अमावस्येला नाही का आपण रस्त्यावरच्या माणसालाही शेतात जेवायला बोलावत?" बोलावतो. लातूर-धाराशिवकडे आणि आमच्या नांदेडच्याही काही भागांत मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. भज्जी, उंडे, आंबील, खीर. कुणी उपाशी परतत नाही. पण त्या जेवणासाठी आदली रात्र जागते कोण? हा प्रश्न सणाला कुणी विचारला नाही, कारण तो वर्षातून एकदा येतो आणि त्यात कुणी कुणाकडून पैसे घेत नाही. आता तोच पाहुणचार दर शनिवारी आहे आणि त्याला माणशी दर लागला आहे. ज्या दिवशी पाहुणचाराला दर लागला, त्या दिवशी तो धंदा झाला. धंद्यात काम करणाऱ्याला मजुरी असते, भागीदाराला हिस्सा असतो. संस्कृतीचे नाव घेऊन दोन्ही नाकारता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मराठवाड्यात पाऊस दगा देतो, सोयाबीनला भाव नाही, घरोघरी कर्ज आहे. अशात शेताला जोडधंदा मिळत असेल तर तुम्ही बायका खोडा का घालता? खोडा घालत नाही. जोडधंदा हवाच. पण शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर त्याची विधवा तलाठ्याकडे खेटे कसे घालते, हे आपण पाहिले आहे. नवऱ्याच्या हयातीत नाव नव्हते, म्हणून नंतर दीर आणि सासरा नाव लागू देत नाहीत. जोडधंदाही त्याच पायावर उभा राहिला तर उद्या तंबू दिराचे होतील आणि बचत गटाचे हप्ते तिच्याकडे राहतील. आणि पाण्याचे काय? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. बोअर आटल्यावर पाहुण्यांच्या टाक्या कुणाच्या डोक्यावरून भरल्या जाणार, हे सांगायला नको.

सरकारी कागद पाहा. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटन धोरण आणले. नोंदणीला सातबारा लागतो. २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आले, त्यात खासगी जमिनीवरही कॅराव्हॅन पार्क उभारता येतात. पण जमीन कुणाची? २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी बायकांची खाती जेमतेम १४ टक्के. २०२३ चे 'आई' धोरण बायकांना पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा देते, पण व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा. म्हणजे पहाटे साडेचारला उठणारी ही बाई त्यात बसतच नाही. किंवा बसवली जाईल, सरपंचपतीच्या बायकोला खुर्चीत बसवतात तशी.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. केंद्राने २००५ मध्ये दिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. पण हक्कसोडपत्राच्या एका सहीने तो हक्क माहेरच्या साडीच्या बदल्यात जातो. सासरी शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा कित्येक गावांत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याचे शासकीय परिपत्रक १९९२ चे आहे. पण त्यासाठी अर्ज नवऱ्याने करायचा! तिच्या श्रमाला त्याची मर्जी लागते.

आता कॅराव्हॅनमधली ती दुसरी बाई. सकाळी तिचा नवरा खुर्ची टाकून शेत न्याहाळत होता आणि ती आत ओट्यापाशी मुलांचे दूध तापवीत होती. घर सोडून ती अडीचशे किलोमीटर आली, तर स्वयंपाकघर तिच्या मागोमाग आले. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बायकांचे बिनपगारी घरकाम दिवसाला सरासरी २९९ मिनिटे निघाले, पुरुषांचे ९७. एकाच शेतात दोन बाया, शंभर पावलांवर, दोघीही चुलीपाशी. त्यांची ओळखही झाली नाही.

आपली जुनी शिबिरे आठवा. गावातल्या शाळेत सतरंजीवर झोपायचो. पाणी, स्वयंपाक, भांडी, झाडलोट यांचे गट पाडलेले असायचे आणि वक्त्या म्हणून आलेल्या बाईलाही गट चुकत नसे. विश्रांती कमी मिळाली असेल, पण ती दुसरीच्या पाठीवर बसून घेतली नाही.

निघताना त्या दहावीतल्या मुलीने मला हळूच विचारले, "मावशी, हक्कसोड नाही लिहून दिलं तर चालतं का?" तिची आई ऐकत होती. मी म्हटले, "चालतं. तुझी सही कुणी जबरदस्तीने घेऊ शकत नाही." आई काही बोलली नाही, पण तिने मुलीला गप्पही केले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. आपल्या गटांनी शेतावर जावे, पण जाण्याआधी विचारावे: नोंदणीत बाईचे नाव आहे का? आपले पैसे तिच्या खात्यात जातील का? उत्तर नाही असेल तर तसे स्पष्ट सांगून दुसरी जागा पाहावी. गेल्यावर आपली भांडी आपण घासावी. आणि सरकारकडे मागणी करावी, की कृषी पर्यटनाची नोंदणी नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने सक्तीची करा, अनुदान आणि उत्पन्न संयुक्त खात्यात जमा करा, आणि सातबाऱ्यावर नाव लावण्याचा अर्ज पत्नीला स्वतः करता येऊ द्या.

८ मार्चचे आमचे अजून ठरलेले नाही. पुढच्या बैठकीत मी त्या शेतावरच्या बाईंनाही बोलावणार आहे. त्या दिवशी भाकरी आम्ही थापू.