घरांतील ओल आणि तिचा हिशेब

आषाढ-श्रावणांत आमच्या चारकोपास येणाऱ्या पाहुण्यास उंबरठ्यावरच एक कुबट वास सामोरा येतो. मिठाच्या बरणींत पाणी सुटतें, पापड वातड होतात, कपाटांतील वहाणांवर हिरवी बुरशी चढते. पश्चिमेस खाडी आणि तिवरांचें रान. मुंबई नागरी विकास प्रकल्पांत १९८५ पासून जागतिक बँकेच्या साह्यानें आंखलेल्या या वसाहतींत भिंतीला भिंत लागून घरें उभीं आहेत. हवा खेळणार ती पुढच्या व मागच्या बाजूनेंच काय ती.

इतकीं वर्षें आम्हीं हें ऋतुमान म्हणून सोसलें. परंतु गेल्या श्रावणांत सात वर्षांच्या नातवास रात्रीं धाप लागूं लागली. डॉक्टरांनीं औषध दिलें आणि विचारलें, "मूल निजतें त्या खोलींत बुरशी आहे काय?" मीं मोठ्या खात्रीनें "नाहीं" म्हणून सांगितलें.

चिरंजीवांनीं परदेशांतील एका आप्ताकडे संबंध घरास पुरणारा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेंतील आर्द्रता काढून घेणारें यंत्र, पाहिलें होतें. "बाबा, एकदांच खर्च करूं, सारें घर कोरडें राहील," असा त्यांचा आग्रह. नातवाच्या आजीचें म्हणणें नेमकें उलट: "दारें-खिडक्या उघड्या टाका, वारा खेळूं द्या, ओल आपोआप जाईल." निवाडा माझ्याकडे आला, तेव्हां मीं पाटी-पेन्सिल घेतली.

यंत्राची क्रिया सोपी आहे. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तसेच यंत्रांतील थंड नळ्यांवर हवेंतील बाष्पाचे थेंब जमून खालच्या टाकींत पडतात. कोरडी झालेली हवा मग उष्ण नळ्यांवरून खोलींत परत येते. म्हणून खोली कोरडी होते, पण थंड न होतां किंचित् तापते. १९०२ सालीं विलिस कॅरियर यांनीं ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठीं हवा थंड व कोरडी करण्याची योजना आंखली. ती माणसांच्या सुखाकरितां नव्हती. दमट हवेनें कागद फुगून रंगांची छपाई सरकत असे, ती थांबावी म्हणून ती होती.

आतां हिशेब पाहूं. पावसाळ्यांत २७ अंश सेल्सियस उष्णतेच्या व ९० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेंत दर घनमीटरास सुमारें २३ ग्रॅम बाष्प असतें. ती ५५ टक्क्यांवर आणली, तर १४ ग्रॅम उरतें. आमची निजावयाची खोली ३२ घनमीटरांची. म्हणजे काढावयाचें पाणी ३०० ग्रॅमहूनही कमी, एक पेलाभर! परंतु फटींतून तासाला एकदां जरी हवा पालटली, तरी तेवढेंच पाणी दर तासास पुन्हां आंत येणार; दिवसाकाठीं सहा-सात लिटर. सताड उघड्या खिडकीशीं यंत्र लावणें म्हणजे खाडीचें पाणी पेल्यानें उपसणें होय.

तेव्हां दोन्ही पक्ष निम्मे चुकले होते. संबंध घराचें यंत्र बंदिस्त घर व हवा वाहून नेणाऱ्या नलिका गृहीत धरतें. आपल्या घरांत दोन्ही नाहींत. आणि वारा खेळवावा तो हिंवाळ्याच्या दुपारीं, बाहेरची हवा कोरडी असतां. आषाढांतला वारा ओल नेण्यापेक्षां आणतोच अधिक.

मग घरांतल्या घरांत पाणी कोठून येतें, तें शोधलें. दिवाणखान्यांत दोरीवर घालावयाचे कपडे ओले असतां व वाळल्यावर तोलले. फरक अडीच किलोंचा. तेवढें पाणी आम्ही रोज घरांतील हवेस देत होतों. एक किलो गॅस जळतांना दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपानें निघतें. यास्तव स्वयंपाकाच्या वेळीं धुराड्याचा पंखा चालूच हवा.

राहिली भिंत. तिच्यावर प्लास्टिकचा तुकडा चोहोंकडून चिकटपट्टीनें बसवून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या अंगास पाणी दिसल्यास ओल भिंतींतून येते. खोलीकडच्या अंगास दिसल्यास हवेंतून. या परीक्षेसाठीं माझें पुस्तकांचें कपाट पुढें ओढलें, आणि मान खालीं घालावी लागली. मागें हातभर काळी बुरशी! वडिलांच्या पोथ्यांच्या खालच्या बासनासही ती लागलेली, आणि नातवाचें अंथरूण तेथून दोन हातांवर. जुने लेखक पोथीच्या शेवटीं तिला तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून राखण्याची विनवणी लिहीत. ती मीं विद्यार्थ्यांस कित्येकदां समजावून सांगितली. पाळली मात्र नव्हती. डॉक्टरांस दिलेलें उत्तर दुसऱ्याच दिवशीं जाऊन दुरुस्त केलें.

पाणी भिंतीकडच्या अंगास होतें. शेजारच्या न्हाणीघराची नळी सामायिक भिंतींत पाझरत होती. उभयतांनीं निम्मा-निम्मा खर्च करून ती बदलली. अशी गळती कोणतेंही यंत्र थांबवीत नाहीं. तें केवळ रात्रंदिवस तिचें पाणी भरीत बसतें. बुरशी कोरडी झाडूं नये, तिचे कण हवेंत उडतात. मूल दुसऱ्या खोलींत ठेवून, नाका-तोंडास मास्क बांधून, ती साबणाच्या पाण्यानें पुसावी.

एवढें झाल्यावर लहानसें यंत्र घेतलें, तें निजावयाच्या एकाच खोलीपुरतें. तें चालू असतां दार-खिडकी बंद. सकाळीं मात्र हवा पालटतों. ३५० वॅटचें यंत्र आठ तास चाललें, तर तीन युनिटांहून थोडी कमी वीज लागते. टाकी रोज रिकामी करून धुवावी; तें पाणी पिऊं नये. जाळीही वरचेवर साफ करावी.

आर्द्रतामापक तर अवश्य घ्यावा, आणि त्याचीही परीक्षा करावी. बाटलीच्या झांकणांत मीठ घेऊन तें थेंबभर पाण्यानें भिजवावें, व मापकासह घट्ट झांकणाच्या डब्यांत रात्रभर ठेवावें. सकाळीं कांटा ७५ च्या आसपास असावा. घरांत आंकडा ६० च्या आंत राहिला म्हणजे बुरशीस वाव उरत नाहीं.

नातवाचें औषध चालूच आहे. तें यंत्राच्या भरंवशावर बंद करूं नये. परंतु रात्रीं उठून बसण्याचे त्याचे प्रसंग कमी झाले. निजण्यापूर्वीं मापकाचा आंकडा मोठ्यानें वाचणें हें काम त्यानें आपल्याकडे घेतलें आहे. माझें कपाट आतां भिंतीपासून चार बोटें पुढें असतें. वाचकांनींही आपलें कपाट एकदां पुढें ओढून पाहावें, एवढीच विनंती.